डाव्या पिळाचा दोरा

इल्दानं बटाट्याच्या सारात डाव्या हातानं चमचा घातला, तशी आजीनं तो हात कमरपट्ट्यानं बांधूनच टाकला. "डावऱ्या पोरीला कोण करून घेणार?"

लग्न होऊन आल्यापासून इल्दाची आई फोर्तुनाता सासूपुढे कधी बोलली नव्हती. ती उठली आणि तिनं लेकीची गाठ सोडली.

"आत्याबाई, कळपातल्या लामांच्या पायात नजरेचा दोरा बांधता, तो डाव्या पिळाचा. बाळंतिणीच्या मनगटालाही तोच. राखायला डावं चालतं, अन् माझ्या लेकीनं डाव्यानं जेवलेलं चालत नाही? आधी ते दोरे तोडा, मग हिचा हात बांधा."

"जीभ फुटली वाटतं तुला!"

"फुटली. इल्दा, जेव गं बाई."

सासू चुलीकडे तोंड फिरवून बसली. दोरे तोडायला मात्र ती उठली नाही.