पाठ टेकल्यावर

भाऊराव, म्हणजे माझा नवरा, झोपतानासुद्धा कुशीवर झोपतात. माणूस लाखात एक, पण पाठ टेकायचं नाव काढलं की डोकं फिरतं.

त्याला कारण आहे. विशीत असताना ते गावच्या यात्रेत कुस्ती खेळले. एकच खांदा मातीला लागला होता, पण पंच समोरच्या पोराचा मामा! त्यानं खुशाल चीतपट दिली. आमच्या वस्तीतल्या पोराचं कोण ऐकणार? भाऊराव खटाव तालुका सोडून मुंबईला आले ते पुन्हा आखाड्यात उतरले नाहीत. घाटकोपरात वायरिंगची कामं करून संसार केला. "शीतल, मी हरलो नव्हतो," हे मात्र मी लग्नापासून ऐकत आले आहे.

अशा माणसाच्या लेकीनं, संघमित्रानं, म्हणजे आमच्या मित्रानं, निवडलं काय? तर एमएमए. ठोसे, लाथा, कुस्तीसारखी पाडापाडी आणि खाली पडल्यावरची पकड, सगळं एकाच पिंजऱ्यात. पोरीचं नाक फुटायचंच असेल तर कसं फुटतं ते तरी बघू, म्हणून मी भटवाडीतल्या तिच्या क्लासला जाऊन बसू लागले.

तिथं निलेश सर नव्या पोरांना आधी ठोसा शिकवत नाहीत, थाप शिकवतात. सहन होईना की तळहातानं थाप मारायची, आणि समोरच्यानं त्या क्षणी सोडायचं. थाप मारली की हार. कोपऱ्यात बसलेल्या आपल्याच माणसानं टॉवेल आत टाकला तरी हार. पाठ टेकली तर मात्र काही बिघडत नाही. उलट मित्राची खरी करामत पाठीवरूनच. समोरची अंगावर आली की ही खालून पाय वर घेते, तिचा हात मांड्यांत धरून कोपर उलटं ताणते, की भल्याभल्या पोरी थाप मारून सुटका मागतात.

हे मी घरी कौतुकानं सांगितलं, तर भाऊराव ताटावरून उठले. "पोरगी पाठीवर लोळते, आणि तू कौतुक सांगतेस?"

मग कांदिवलीला राज्याच्या संघाची निवड लागली. आदल्या वर्षी मित्राचा गुडघा गेला होता. सगळं वर्ष ती याच एका लढतीकडे डोळे लावून होती. जिंकली तर संघात, हरली तर पुन्हा घरी. नेमका सरांच्या मदतनीसाला ताप आला. सर म्हणाले, "काका, तुम्ही कुस्तीतले ना? या माझ्याबरोबर कोपऱ्यात." पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली, टॉवेल खांद्यावर टाकला. बाप आपल्या कोपऱ्यात बसणार म्हणून पोरगी एवढी खूश झाली, की मलाच भरून आलं.

"पप्पा, मी खाली पडले तरी शांत बसायचं हां," ती म्हणाली.

"बसतो गं."

मी त्यांच्या मागच्याच रांगेत होते. पहिली फेरी मित्रानं मारली. दुसरीत समोरच्या उंच मुलीनं तिला कमरेतून उचललं आणि धाडकन आपटलं. दोन्ही खांदे खाली. निलेश सर जाळीला नाक लावून ओरडत होते, "झकास! पाय वर घे, पाय!" मित्राचे पाय वर गेले. त्या मुलीचा हात मांड्यांत सापडला. मी उभी राहिले. आता थाप पडणार, एवढ्यात पांढरा टॉवेल जाळीवरून आत जाऊन पडला.

पंचांनी लढत थांबवली.

"काका, काय केलंत हे?" सर किंचाळले.

"दोन्ही खांदे टेकले होते," भाऊराव पुटपुटले. "वर बसून मारणार होती ना ती तिला..."

मित्रा उठली. डोळ्यांत टिपूस नाही. जाळीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "पप्पा, मी हरले नव्हते."

भाऊरावांचा चेहरा मी पाहिला. मला त्यांचा संताप आला होता, चार लोकांत फाडून खावंसं वाटत होतं. पण तो चेहरा पाहून मी खाली बसले. जन्मभर ज्या पंचाला शिव्या घातल्या, त्याच्याच जागी आपण उभे आहोत, हे त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी क्लासला निघाले, तर भाऊराव मागून चालत आले. दारात चपला काढल्या आणि सरळ गादीवर गेले. पोरं सराव थांबवून बघत राहिली. ते खाली बसले, मग आडवे झाले. आधी एक खांदा टेकवला, मग दुसरा. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना असं उताणं मी पहिल्यांदा पाहिलं.

"मित्रा, ये," ते छताकडे बघत म्हणाले. "पाठ टेकल्यावर पुढं काय असतं, ते दाखव."

मित्रा बराच वेळ भिंतीला टेकून उभी होती. मग येऊन त्यांच्या बाजूला बसली, त्यांचा हात हातात घेतला.

"आधी थाप शिकायची, पप्पा."

भाऊरावांनी मोकळा तळहात गादीवर आपटला.

"अहो पप्पा, मी अजून धरलंय कुठं?"

"माहितीये मला," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा थाप मारली.