लाल गाडीच्या सावलीत

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण रस्ता म्हणजे काय ते मला धड ठाऊक नाही. माझे सगळे आयुष्य एका मोठ्या उद्यानात, तळ्याकाठच्या वाळूवर गेले. मी जीवरक्षकांची गाडी. डोक्यावर छत, दारे नाहीत, मागच्या हौद्यात दोर, तरंगती फळी आणि औषधांची पेटी. माझी चाके इतकी गुबगुबीत, की कारखान्यातल्या इतर गाड्या मला खुशाल हसायच्या. वाळूत रुतू नये म्हणून ती तशी केलेली आहेत, हे मला फार उशिरा कळले.

स्वभावाने मी पहिल्यापासून चौकस. बदके रात्री कुठे जातात, पाण्यात उतरताना माणसे आधी किंचाळतात आणि मग हसतात ती का, असे शंभर प्रश्न मला पडायचे. पण सर्वांत मोठे कोडे होते आमच्या ताईचे.

ताई म्हणजे जीवरक्षकांची प्रमुख. मला तीच चालवायची. किल्ली कधी माझ्याजवळ सोडायची नाही. चार हात पुढे जायचे असले तरी आधी माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारायची, चाकांमागे डोकवायची, वाकून माझ्या पोटाखाली बघायची. मग बसणार, भोंगा वाजवणार आणि माणूस चालेल इतक्याच वेगाने मला नेणार. असे का बरे? माझे दिवे समोरचे बघतात, आरशात झाडांचे शेंडे दिसतात. माझ्या चाकामागे काय असते, ते मला कधीच दिसले नाही. मला आपले वाटायचे, ही माझा लाल रंग न्याहाळते. मी मनातून फुगायची.

बागेतले माळीकाका तिची थट्टा करायचे. “काय गं, गाडी पळून गेली का ते बघतेस? ही काय, समोर उभी आहे!”

“गाडी दिसते हो काका. गाडीमागचं दिसत नाही,” ताई म्हणायची.

एकदा ऊन असे तापले होते, की वाळूवर पाय ठरत नव्हता. तळ्यावर ही गर्दी! मी पाण्याकडे तोंड करून उभी होते. अचानक मनोऱ्यावरच्या जीवरक्षकाने शिट्टी फुंकली. “ताई, पलीकडच्या काठाला! मुलगी बुडतेय!” एका लहान मुलीची हवेची रिंग वाहत खोल पाण्याकडे गेली होती आणि मुलगी तिच्यातून निसटली होती.

ताई किल्ली घेऊन धावत आली. आता ही उडी मारून बसणार, असे मला वाटले. तर ही बाई निघाली फेरी मारायला! माझा जीव टांगणीला लागला. अगं, तिकडे पोर बुडते आहे आणि तुला हे काय सुचते आहे? खरे सांगते मित्रांनो, मला तिचा भयंकर राग आला.

तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. “अहो आजोबा, उठा! पाय काढा आधी!”

माझ्या सावलीत एक आजोबा तोंडावर टोपी ठेवून गाढ झोपले होते. पाय थेट माझ्या चाकामागे पसरलेले. पुढे पाणी असल्यामुळे मला आधी मागेच यावे लागणार होते. ताईने त्यांना दंडाला धरून बाजूला ओढले. “काय झालं? काय झालं?” ते विचारत राहिले, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. भोंगा वाजवत आम्ही निघालो. लोक भराभर बाजूला झाले. पलीकडे पोहोचताच ताईने फळीसकट पाण्यात झेप घेतली.

मुलगी बाहेर आली, खोकली आणि मोठ्याने रडू लागली. ते रडणे ऐकून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! ताईने तिला टॉवेलात गुंडाळून माझ्या आसनावर बसवले. जरा दम खाऊन मुलगी म्हणाली, “माझ्या आजोबांना बोलवा ना. ते तिकडे झोपलेत, लाल गाडीच्या सावलीत.”

शेजारी बसलेल्या ताईने आम्ही आलो त्या काठाकडे वळून पाहिले. मग ती हळूच म्हणाली, “उठलेत गं ते. चल, आपणच जाऊ त्यांच्याकडे.” मुलीला मनोऱ्यावरून आलेल्या सहकाऱ्याजवळ बसवून ती खाली उतरली आणि माझ्याभोवती फेरी मारून आली. या वेळी मला अजिबात राग आला नाही.

त्या दिवशी सगळ्यांनी ताईच्या पोहण्याचे तोंड भरून कौतुक केले. त्या फेरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ती फक्त आम्हा दोघींना माहीत, असे मला तेव्हा वाटले.

आता ताईकडे नवी गाडी आहे. माझे यंत्र काढून मला मुलांच्या खेळासाठी हिरवळीवर ठेवले आहे. रंगाचे पोपडे निघालेत, आसन फाटले आहे. त्याचे फारसे वाईट वाटत नाही. पण माझ्याभोवती कुणी फेरी मारत नाही, याची मात्र चुटपुट लागून राहिली होती.

परवा तीच मुलगी आली, चांगली उंच झालेली. सोबत धाकटा भाऊ. आजोबा झाडाखालच्या बाकावर बसले. भाऊ माझ्यावर चढणार, तोच तिने त्याची कॉलर धरली. “थांब! आधी मागे बघून ये.”

“पण ही तर बंद आहे!”

“असू दे. तरी बघून ये.”

तो गेला, वाकला, पोटाखाली डोकावला. “कुणी नाही!” असे ओरडून माझ्यावर चढून बसला. मला ताईच्या हातातली किल्ली आठवली.

मित्रांनो, सावलीत जरूर बसा, पण झाडाच्या. गाडीची सावली कधी चालू लागेल, ते गाडीलाही ठाऊक नसते.