केळीच्या चिकावर आळ

कागद कारखान्याच्या स्टोअरात बरीच वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. वस्तू आली की ती जपायची, आणि नासली की ती कोणाच्या नावावर टाकायची ते आधी ठरवायचं. स्वेच्छानिवृत्ती घेऊन भास्कर बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या घरी आला तेव्हा ही खोडही सामानाबरोबर आली. मग त्याने एक जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि खोडीला काम मिळालं.

दर रविवारी व्हॅन दारात धुतली जाई. आधी नुसतं पाणी, धुळीवर हात फिरून चरे पडायला नकोत म्हणून. मग शाम्पूचं पाणी, वरून खाली. मग सावलीत पुसणं. इथवर सगळं रीतसर होतं. शेवटी एक डबा निघे. दुकानदार त्याला 'साहब, एक नंबर पॉलिश' म्हणाला होता आणि डब्यावर 'रबिंग' असं लिहिलं होतं. भास्करने दोघांवर विश्वास ठेवून अर्थ लावला, की जितकं रगडू तितकं पॉलिश आत मुरणार. जुन्या बनियनच्या तुकड्याने तो बॉनेट रगडी. बाकी गाडीवरून नुसता हात फिरवी, कारण गल्लीत शिरणाऱ्याला आधी बॉनेटच दिसतं.

थोरली बहीण कोकिळा निंबोल्याला दिलेली. तिचा नवरा सुकलाल केळी पिकवणारा, मोकळा, थट्टेखोर माणूस. भास्करला तो 'सालेसाहेब' म्हणे, आणि वर असा सलाम ठोकी की त्यातला साहेब गळून पडे, नुसता साला उरे. हिवाळ्यात एका लग्नासाठी त्याने व्हॅन नेली. परत करताना प्रेमाने केळीचा घड आणला आणि उतरवताना तो घटकाभर बॉनेटवर टेकवला. चीक ओघळला, तपकिरी डाग पडला. भास्कर तोंडावर 'असू द्या दाजी' म्हणाला आणि पाहुण्यांची पाठ वळताच डबा घेऊन बसला. डाग त्याच दिवशी गेला. मनातला जाईना, म्हणून पुढचे कित्येक रविवार तो तीच जागा रगडत राहिला.

होळीच्या सुमारास तिथल्या पांढऱ्यातून खालचं करडं अस्तर डोकावू लागलं.

हे कोणाच्या नावावर टाकायचं ते ठरवायला भास्करने वेळ लावला नाही. पुतणी हिमानीच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत तो म्हणाला, "दाजी, तुमच्या चिकाने आमच्या गाडीचा रंग खाल्ला बघा."

केळीचा चीक कपड्यावरून जन्मात जात नाही, हे बऱ्हाणपुरात पोराटोरांना ठाऊक. तो गाडीचा रंगही खात असेल, यावर पंगतीत कोणी शंका काढली नाही. उलट ज्याला त्याला आपलं वाया गेलेलं धोतर आठवलं, हशा पिकला. सुकलालने सलाम ठोकला नाही. तो खाली मान घालून भात कालवत राहिला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आली. आखाजीला इकडच्या लेकी माहेरी येतात, भाऊ मुऱ्हाळी होऊन त्यांना आणायला जातो, आणि कोकिळेची आखाजी आजवर चुकली नव्हती. यंदा तिचा फोन आला की येणं जमत नाही, केळीला पाणी द्यायचं आहे. भास्करची बायको चंद्रभागा फोन ठेवून म्हणाली, की नणंदबाईंनी तुळस सोडून कशाला पाणी घातलेलं आपण तरी पाहिलं नाही.

"दाजींना लागलंय ते," ती म्हणाली. "पण चीक काही खोटा नव्हता ना?"

"खोटा कसा असेल?" भास्कर म्हणाला, आणि बादली उचलून बाहेर गेला.

त्या दिवशी बनियनचे तुकडे संपले होते. चंद्रभागेने आपल्या जुन्या काळ्या परकराचं एक फाडलेलं फडकं खिडकीतून टाकलं. भास्करने थोडं रगडलं आणि फडकं उलटून पाहिलं. काळ्यावर पांढरं आलं होतं. डब्यातलं पॉलिश तर तपकिरी. त्याने फडकं धुतलं, पिळलं, आणि गाडीच्या मागच्या दारावर रगडलं, जिथे केळीचं सालही कधी पोचलं नव्हतं. पुन्हा पांढरं. म्हणजे इतके रविवार पांढरी गाडी पांढऱ्या बनियनमध्ये निघून जात होती आणि स्टोअरच्या माणसाला आवक-जावक कळली नव्हती.

चंद्रभागेने खिडकीतून विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही, फडकं चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी न कळवताच तो मुऱ्हाळी होऊन निंबोल्याला निघाला. वाटेत त्याने कबुलीची तीन-चार वाक्यं जुळवली आणि प्रत्येकातून स्वतःला थोडं थोडं वगळलं.

अंगणात व्हॅन वळताच सुकलाल धावत आला. वाटेतले घड त्याने घाईने बाजूला सारले, चाकाजवळची शेळी हाकलली, आणि गाडी जरा दूरच लावा म्हणाला, आमच्या हाताला कायम चीक. मग राखेने हात चोळून धुतले आणि तेव्हा कुठे पाणी पुढे केलं. कोकिळेसाठी त्याने घरातून प्लास्टिकचा कागद आणला, सीटवर अंथरायला.

कोकिळा दाराशी उभी होती. "पंगतीत तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस, भास्कर," ती म्हणाली.

वाक्यं जुळवलेली होती, पण निघालं भलतंच. "जाऊ द्या ना दाजी, झालं ते झालं," तो म्हणाला. "माझ्या मनात काही नाही."

सुकलालची म्हातारी आई मथुराबाई ओसरीवरून म्हणाली, भाऊ असावा तर असा, केवढं नुकसान पोटात घातलं. कोकिळा डोळे पुसत पिशवी भरायला आत गेली. सुकलालने हात जोडले.

"मोठं मन आहे तुमचं, भास्करराव."

भास्करराव. इतक्या वर्षांत सुकलालने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. बहीण मिळत होती, मोठेपणा मिळत होता, वर चहाही येत होता, आणि यातलं काहीच त्याचं नव्हतं. चहा तसाच ठेवून भास्कर उठला. व्हॅनमधून डबा आणि काळं फडकं घेऊन आला.

"दाजी, हे घ्या. गाडीच्या दारावर रगडा."

"मी? नको नको."

"रगडा. तिथे केळी कधी लागलेली नाही."

सुकलालने दार दुखू नये अशा बेताने फडकं फिरवलं. उलटून पाहिलं. फडक्याकडे, डब्याकडे, मग भास्करकडे.

"हा तर रंग आहे."

"हो. चीक पहिल्याच दिवशी निघाला होता. रंग मी खाल्ला."

मथुराबाईंनी चहाचा कप काढून घेतला नाही, एवढंच. कोकिळा पिशवी धरून दारात थांबली होती. भास्करला साखरपुड्याची पंगत दिसत राहिली. तिथे सारं गोत होतं. इथे घरचीच माणसं आणि एक शेळी.

"हिमानीच्या लग्नात हे सांगाल?" सुकलालने विचारलं.

"सांगेन."

"जेवणाआधी की जेवणानंतर?"

"आधी."

"मग घेऊन जा तिला." सुकलालने फडक्याची नीट घडी केली आणि ती आपल्या बंडीच्या खिशात घातली. "हे राहू द्या माझ्याजवळ, सालेसाहेब. तिथे विसरलात तर दाखवीन."

मग त्याने बाजूला सारलेल्या घडांपैकी नुकताच कापलेला, सर्वांत मोठा घड खांद्यावर घेतला, व्हॅनपाशी आला, आणि तो बॉनेटवर, त्या करड्या जागेवर, हळूच टेकवला. कोकिळा मथुराबाईंच्या पाया पडली, शेजारणीला सांगून आली, विसरलेली चप्पल आणायला पुन्हा आत गेली. कोणालाच घाई नव्हती. चीक ओघळून खाली येत होता. भास्करचा हात सवयीने फडकं शोधू लागला. ते सुकलालच्या खिशात होतं.