बयाबाईच्या दाराखालचा पाईप

बयाबाई गाडीच्या खिडकीतून बाहेर आली तेव्हा तिचे खांदे तानाजीच्या हातात होते, पाय अजून सीटवर होते आणि जीभ मात्र पूर्ण मोकळी होती.

"एवढा शिकलास, आन आईला चोरावानी खिडकीतनं काढतूस व्हय रं?"

वाडीवरून खिंडीकडे चढणाऱ्या कच्च्या वाटेच्या मधोमध एक काळा खडक आहे. लांबून तो बसलेल्या जनावरासारखा दिसतो, म्हणून सगळे त्याला म्हसच म्हणतात. तानाजीची पिकअप त्या म्हशीवर पोटाने बसली, दाराखालचा पत्रा आत चेपला आणि दार चौकटीत असं रुतलं की आतून ढकलून, बाहेरून ओढून, शेवटी दोर लावून खेचूनही उघडेना. ड्रायव्हरच्या बाजूने उतरावं, तर मधल्या जागेत कोकरांची टोपली, भांड्यांचं गाठोडं आणि एक नाराज कोंबडी होती.

म्हस फोडून टाकावी असं तानाजीने पूर्वी एकदा सुचवलं होतं. पण कळप दरवर्षी कोकणाकडे निघतो तेव्हा पहिला भंडारा तिच्याच पाठीवर उधळला जातो. त्याचा बाप दादासो तेव्हा शांतपणे म्हणाला होता, "म्हस फोडायच्या आदी मला फोड." तो विषय तिथेच मिटला.

गाडी घेतली होती ती बयाबाईच्या गुडघ्यांसाठी. आदल्या वर्षी घाट उतरताना ती एका दगडावर बसली ती उठेचना. घोडीच्या पाठीवर भांडी, वाकळा, कोकरं, सगळं होतं; बयाबाईला जागा नव्हती. कधीच नसायची. तानाजी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाला होता आणि सांगलीच्या विश्रामबागेत मुलांच्या शिकवण्या घेत होता. त्याने साठवलेल्या पैशातून ही जुनी पिकअप आणली. दादासोने तिला एक फेरी मारली, घोडीकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही.

आता मात्र तो बोलला.

"दिवाळी झाली की कळप निघंल. त्या दिशी ही गाडी म्हशीवरनं न्हे. पलीकडं गेल्यावर दार उगडलं, तर गाडी ऱ्हाईल. न्हाई उगडलं, तर इकायची. घोडी हायच."

"आन मी?" बयाबाईने विचारलं.

"तू चालशील की. दर साली चालतीस."

"मी काय घोडीची शेपूट हाय?"

निकाल मात्र बदलला नाही.

तानाजीने आधी गावातल्या जोतीरामला गाठलं. जोतीराम घरांची फाटकं जोडायचा. त्याने एका फाटकाचा उरलेला पाईप दाराखाली लावला, मोबदल्यात जत्रेला बोकड कबूल करून घेतला, आणि "हत्ती बसला तरी हालणार न्हाई" अशी खात्री दिली. हत्ती मिळण्याची सोय नव्हती. म्हशीला पाईप जरासा घासला आणि एका टोकाने निखळला. निखळलेलं टोक जमिनीत घुसलं आणि म्हशीपासून वाडीपर्यंत गाडी रस्ता नांगरत आली. मागे सगळ्या वाडीची कुत्री.

"आता पेरून घ्या," बयाबाई म्हणाली.

तानाजीने गाडीखाली पडून तपासलं. चूक त्याला दिसली. जोतीरामने पाईप पातळ पत्र्याला डकवला होता. खडकाचा धक्का सोसायला तो खालच्या चासीला, गाडीच्या जाड सांगाड्याला, जोडायला हवा होता. पाईपाला धरणारे लोखंडी पाय तिथून बाहेर काढले, तर गाडीचं वजन पाईपावर येईल, गाडी खडकावरून घसरत पुढे जाईल आणि पत्र्याला स्पर्शही होणार नाही. हे त्याने बापाला काडीने मातीत रेघा ओढून समजावलं. दादासोने ते नीट ऐकलं. मेंढराचं पोट आणि बरगडी यातला फरक त्याला वेगळा सांगावा लागला नाही.

"पर उंची कशी मोजणार?" त्याने विचारलं. "रिकामी गाडी उच्ची असती. भरली की दबती."

"भरूनच मोजायची, आबा. वाळूची पोती टाकतो."

"वाळू?" दादासोला हसू आलं. "वाळू एका जागी बसती. वळणावर समदी मेंढरं एका अंगाला जात्यात. तवा गाडी किती दबती, ते वाळू सांगंल?"

तानाजीला एकदम आनंद झाला. मुद्दा बिनतोड होता. भार हलता होता. हलत्या भाराचं माप थांबलेल्या भाराने घेणं ही चूक झाली असती. शास्त्र आणि आबा एकाच बाजूला येण्याचा हा आयुष्यातला पहिलाच प्रसंग, त्यामुळे पुढचा विचार कोणीच केला नाही. दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये मावतील तेवढी मेंढरं चढवून ते सांगलीला निघाले.

"मीबी येती," बयाबाई म्हणाली. "मीबी वजनच हाय."

तिचं दार ठोकून ठोकून कसंबसं उघडतं केलं होतं. ती आत बसली आणि ते पुन्हा उघडेल का, याची काळजी तानाजीला सांगलीपर्यंत लागून राहिली.

मिरज रस्त्याला नाथाजी मिस्त्रीचं दुकान होतं. वर पाटी: 'सर्व वेल्डिंग प्रोफेशनल पद्धतीने. उधार बंद. बघायचा चार्ज वेगळा.' नाथाजीने साखर कारखान्यांचे बॉयलर जोडले होते आणि ते तो कोणाला विसरू देत नसे. गाडी थांबली, तो उठला, मागून आलेला आवाज ऐकून पुन्हा बसला.

"हे काय आणलंय?"

"लोड," तानाजी म्हणाला.

"लोड बोंबलतोय साहेब."

तानाजीने हलत्या भाराचा सिद्धांत सांगितला. नाथाजीने तो डोळे मिटून ऐकला, मग गाडीभोवती हळूहळू फिरला, वाकला, टायरला लाथ मारली, जोतीरामच्या जोडाच्या खुणेवर बोट फिरवलं आणि जीभ टाळ्याला लावून वाईट वाटल्याचा आवाज काढला.

"हे कुणी केलं ते विचारत नाही. आमच्या धंद्यात बसत नाही ते. पण बघायचे पैसे लागतील."

"बघायचं पैसं?" दादासो पुढे आला. "गड्या, मग मीबी तुला मगाधरनं बघतोय."

"पाव्हणं, डॉक्टर नाडी बघायचे घेतो की नाही?"

"आमी डॉक्टरकडं जातच न्हाई."

तानाजीने घाईघाईने बघायचे पैसे कबूल केले आणि टेप घेऊन गाडीखाली शिरला. वरून दादासोने हाळी दिली, मेंढरं एका बाजूला गेली, गाडी कलली. "उजवीकडं!" तानाजी ओरडला. दादासोने दुसरी हाळी दिली. मेंढरं हलली, गाडी हलली, आणि फळ्यांच्या फटीतून एका मेंढीने तानाजीच्या कॉलरमध्ये आपलं मत दिलं. तरीही त्याने माप सोडलं नाही. पाईप कुठे यावा, पाय किती लांब हवेत, कोणत्या कोनात, हे खडूने चासीवर उमटलं. नाथाजीने वाकून त्या खुणा एकेक करून पाहिल्या.

"बरोबर हाय ना?" बयाबाईने आतून विचारलं.

"माप बरोबर आहे, मावशी. आता उतरा."

दार दोघांनी ओढल्यावर उघडलं.

वेल्डिंगच्या आधी नाथाजीने बॅटरीची तार काढली, डिझेलच्या टाकीवर ओलं पोतं टाकलं आणि मेंढरांकडे बोट केलं. "ही खाली उतरवा. ठिणगी लोकरीत गेली तर मला बॉयलरसुद्धा वाचवणार नाही. मागं माझा मोकळा प्लॉट आहे, तिथं घाला."

दादासो कुठेही गेला तरी वाघर, म्हणजे मेंढरांभोवती उभारायचं जाळं, सोबत असे. त्याने प्लॉटवर मेखा ठोकल्या, जाळं ताणलं आणि बघता बघता भर सांगलीत धनगराचा तळ पडला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी सायकली थांबवल्या.

नाथाजीच्या कामाला मात्र तोड नव्हती. एक जोड घातला की तो त्यावर हातोडी मारी, कान लावी आणि मगच पुढचा घाली. पाईपाची टोकं त्याने झाकणं लावून बंद केली, पाणी शिरू नये म्हणून. काळी काच डोळ्यांसमोर धरून तानाजी वितळलेल्या लोखंडाचा थेंब पाहत राहिला आणि इतके प्रश्न विचारले की नाथाजी म्हणाला, "साहेब, सांगायचा चार्ज पाटीवर नाही, पण लावीन." संध्याकाळ झाली, रंग वाळायचा होता. सगळे तिथेच राहिले. बयाबाईला नाथाजीच्या बायकोने, हरणाबाईने, घरात नेलं आणि दोघींनी गुडघ्यांच्या विषयावर जेवण उरकलं.

सकाळी तानाजीने ठरलेली रक्कम नाथाजीच्या हातात ठेवली. नाथाजीने मोजली, खिशात घातली. दादासो शेजारीच उभा होता. त्याने हात पुढे केला.

"आता माझं."

"तुमचं काय?"

"राती मेंढरं बसवली की तुझ्या जमिनीत."

नाथाजीला समजेना. तानाजीला समजलं आणि कान तापले. माणदेशातून खाली नदीकाठापर्यंत हीच रीत. कळप ज्याच्या शेतात रात्र काढतो त्याला लेंडीखत मिळतं, आणि तो धनगराला धान्य देतो किंवा पैसे. दादासोचं सगळं आयुष्य याच हिशेबावर चाललं होतं. रीत शेताची आहे, प्लॉटची नाही, असा अपवाद त्याला कोणी कधी सांगितला नव्हता.

"आबा, ते शेत न्हाई," तानाजी कुजबुजला.

"जमीन न्हवं का? ह्यानंच म्हटलं, तितं घाला."

"पाव्हणं," नाथाजीचा आवाज चढला, "तिथं मी भंगार टाकतो! खत घेऊन काय लोखंड पिकवू?"

"काय पिकवायचं ते तू ठरीव. मी बसवायचं काम केलं. त्वा तुजं काम केलंस, लेकानं मोजून दिलं. माज्याकडं पाटी न्हाई, एवढंच."

"मी प्रोफेशनल माणूस आहे!"

"मग मी काय हौसंनं मेंढरं राखतो?"

आवाज ऐकून हरणाबाई बाहेर आली. ती तासगावकडची, हळदीच्या शेतातली. तिने भांडण ऐकलंच नाही, ती सरळ प्लॉटवर गेली, वाकली, मूठभर लेंड्या उचलून पाहिल्या आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"आवं, दोनदा वांगी लावली तितं, दोनदा जळली. तुमच्या कचऱ्यानं. माझा भाऊ मेंढरं बसवायला धनगराच्या मागं मागं फिरतो, आन तुमच्या दारात ती आपल्या पायानं आली तर तुमी भांडताय?"

"अगं पण—"

"द्या त्यांचं त्यांना. फुकाटचं खत घालून मला वांगी नकोत."

नाथाजीने तानाजीकडे पाहिलं. तानाजीने जमिनीकडे पाहिलं. मग नाथाजीने खिशातून बघायच्या चार्जएवढ्या नोटा वेगळ्या काढल्या आणि दादासोच्या हातावर ठेवल्या. तानाजीच्या पाकिटातल्या त्या नोटा एक फेरी मारून बापाच्या मुंडाशात गेल्या. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप किंवा जागा बदलते, हे तो शिकवणीत नेहमी सांगायचा. इतकं स्पष्ट उदाहरण त्याच्याकडे आजवर नव्हतं.

हरणाबाईने आणखी पायलीभर ज्वारी पदरातून आणून बयाबाईच्या ओटीत घातली. नाथाजी गाडीपाशी आला, पाईपावर उभा राहून दोनदा उड्या मारल्या आणि दादासोला म्हणाला, "हा निघाला तर माझी पाटी उतरवीन."

"बगू," दादासो म्हणाला. मग मुंडासं चाचपत, "बगायचं पैसं मी घेत न्हाई."

दिवाळी झाली. कळप निघाला. दादासोने म्हशीच्या पाठीवर भंडारा उधळला आणि घोडीचा दोर हातात धरून बाजूला उभा राहिला. घोडी भांड्यांनी लादलेली होती. दादासोने कोणावर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. गाडीत मागे मेंढरं, पुढे कोकरं, तीच नाराज कोंबडी आणि बयाबाई.

तानाजीने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. पुढचं चाक चढलं, उतरलं. मग म्हस गाडीच्या कुशीखाली आली आणि पाईप तिच्यावर टेकला. लोखंड दगडावर असं किंचाळलं की कुत्री गप्प झाली. गाडी कलली, मागे मेंढरं एका अंगाला गेली, एक चाक हवेत फिरलं. तानाजीने पाय हलवला नाही. पाईपावरून गाडी घसरली, पुढे सरकली, आणि धप्पकन पलीकडे उभी राहिली.

तो उडी मारून खाली उतरला आणि पळत दुसऱ्या बाजूला आला. पाईपावर रंग खरवडला होता, एक लांब चकचकीत रेघ. जोड जिथल्या तिथे. पत्र्याला काही नाही. दादासोही वाकून पाहत होता. मग दोघं सरळ झाले आणि दाराकडे बघत राहिले.

दार बंद होतं. बंदच राहिलं.

दादासोने घोडीचा दोर या हातातून त्या हातात घेतला.

"आये," तानाजीने काचेवर टिचकी मारली. "उघडत न्हाई का?"

काच सावकाश खाली आली. मग दार वीतभर उघडलं, कुठेही न अडकता, आणि खाडकन पुन्हा बंद झालं.

"उगडतंय की," बयाबाई आतून म्हणाली. "पर मी न्हाई उतरायची. एकदा उतरले की ह्यो मानूस घोडीचा दोर माज्या हातात देईल. चल, बस. कोकण लांब हाय."

दादासोने उरलेली भंडाऱ्याची चिमूट पाईपावरच्या रेघेला लावली आणि घोडीचा दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळून पुढे चालू लागला.