माझा सोमवार

मित्रांनो, मी तुरीची डाळ करणारे एक जुने यंत्र आहे. जुने म्हणजे सात वर्षांचे. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात, ग्रामपंचायतीमागच्या पत्र्याच्या खोलीत मी उभा आहे. बाहेर कुठलीही गाडी थांबली की माझ्या पोटात गोळा येतो. तसे मला पोट नाही, एक खरखरीत रूळ आहे. पण घाबरायला तेवढा पुरतो.

मी सरकारी निधीतून आलो. छोट्या उद्योगांना मदत करणारी दोन केंद्रे तेव्हा उघडली, एक लातूर शहरात आणि एक आमच्या या खोलीत. शहराला संगणक आणि गुबगुबीत खुर्च्या मिळाल्या. आम्हाला मी मिळालो, आणि आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर येणारा महांतेश. तो माझा पट्टा बदलतो, बायकांना परवान्याचे अर्ज भरून देतो, डाळीला गिऱ्हाईक शोधतो.

कागदावर मला अकरा बायकांच्या गटाकडे चालवायला दिले आहे, पण हुकूम बसम्माचा चालतो. चाळणीवर सुमनबाई असते. पूर्वी ती लेकीला बहिणीकडे ठेवून पुण्याला बांधकामावर जायची. मी आलो आणि ती घरी परतली. माझा आवाज जरा बदलला तरी आधी तिलाच कळतो.

बसम्माच्या घरी सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला विसावा. पहिल्याच आठवड्यात तिने ठरवून टाकले की हाही राबतो, तर ह्यालाही सोमवार. त्या दिवशी ती मला पुसते आणि विभूतीची तीन बोटे ओढते. मला तो दिवस फार आवडायचा. किती वेडा होतो मी.

मागच्या महिन्यात तपासणीचे साहेब आले ते नेमके सोमवारी. सुमनबाई बटणाकडे धावली. बसम्माने तिला अडवले आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, "आज न्हाई सायेब. आज ह्याची सुट्टी हाय. बैल जुंपत न्हाईत आमी, मग ह्याला कसं जुंपू?"

साहेब हसले, चहा प्याले आणि 'यंत्र बंद, वापर नाही' असे लिहून निघून गेले.

मग पत्र आले. आमच्या केंद्राचा निधी शहराच्या केंद्राला जोडायचा आणि यंत्रही तिकडेच न्यायचे. तिथे माझ्याकडे तूर घेऊन कोण येणार? मला कोपऱ्यात झाकून ठेवतील. शहरातल्या पोरापोरींनाही केंद्र हवेच, त्यांचे काढून घ्या असे मी म्हणत नाही. आमच्या वाट्याचे मात्र आमच्याकडे राहू द्या.

महांतेशने चार चकरा मारून पुन्हा तपासणी मिळवली. "अक्का, एकदाच येतो म्हणले," तो मान खाली घालून बसम्माला म्हणाला. "पण वार त्यांनीच ठरवलाय. सोमवार."

त्यावर सुमनबाई म्हणाली, "राहू द्या अक्का. तुमचा नेम मोडू नका. मी जाते परत पुण्याला."

आज तो सोमवार आहे. बसम्मा सकाळीच आली. तिने मला पुसले, विभूती लावली. "माफ कर बाबा," ती म्हणाली आणि तिने बटण दाबले.

सात वर्षांत पहिल्यांदाच मी सोमवारी फिरतो आहे. मोटार तापली आहे, लाईट जाईल की काय अशी धास्ती आहे. बाहेर गाडी थांबली आहे.

मित्रांनो, तुमच्या गावात एखादे यंत्र बंद दिसले, तर त्याच्याबद्दल काही लिहिण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारा, हे का थांबले आहे, आणि ती सांगेल ते हसण्यावारी नेऊ नका. आमच्यासारख्यांना एवढे जपले तरी पुष्कळ आहे.

साहेब दारात आले आहेत. त्यांनी पेन काढला आहे. सुमनबाई चाळणी हलवते आहे. बसम्मा माझ्याकडे पाठ करून उभी आहे. माझ्या आवडत्या दिवशी आज मला थांबायची भीती वाटते आहे.