पाचोडची रांग

२०१३च्या दुष्काळात शहरात, गारखेड्यातल्या आमच्या एकाच रस्त्यावर डोळ्यांचे पाच दवाखाने होते, त्यातला एक माझा. पाण्याचे टँकर फिरत होते, तरी नव्या इमारती उठतच होत्या आणि त्यांच्या तळमजल्यावर नवे डॉक्टर येऊन बसत होते. माझ्याकडे दिवसाला सहा-सात पेशंट. त्यातलेही निम्मे चष्म्याचा नंबर काढायला.

माझी वर्गमैत्रीण नीरजा मात्र पाचोडला, खेड्यात दवाखाना टाकायला गेली होती. परीक्षेत मी कायम तिच्या पुढे. टाका कसा घालायचा, हेही तिला मीच दाखवलेलं. आणि आता लेन्स विकणारा एजंट मला सांगत होता, "मॅडम, त्यांच्याकडे सकाळी सातलाच रांग असते." मी हसले. त्या दुपारी जेवण गेलं नाही.

मार्चमध्ये तिचा फोन आला.

"कालिंदी, आठवड्यातून एक दिवस येशील? मोतीबिंदूला दोन-दोन महिन्यांनंतरचे नंबर देतेय. एकटीला झेपत नाही गं."

ती मदत मागत होती. मला त्यात तिचा तोराच ऐकू आला.

"इथलंच उरकत नाही," मी म्हणाले. बाहेरच्या खुर्च्यांवर तेव्हा कुणीही नव्हतं.

मे महिन्यात रामहरी नावाचा मेंढपाळ आपल्या आईला, बानाबाईला, घेऊन आला. सोबत नीरजाची चिठ्ठी होती : 'माझी आजची यादी भरलीय. हिला थांबता येणार नाही. तू कर.' बानाबाईचा उजवा डोळा लालभडक होता. मोतीबिंदू पिकून आतला दाब वाढला होता.

"कधीपासून दुखतंय?"

"आठ दिस झाले. नंबर पुढल्या हप्त्यात व्हता, म्हनलं तवर काढू कळ," ती म्हणाली. "बाई म्हनली व्हती, शहरातून एक डॉक्टरीन येनार हाय, मंग एप्रिलातच करू. ती काय आली नाय."

तासाभरात ऑपरेशनला घेतलं. ठणका थांबला, नजर मात्र आली नाही. डोळ्यामागची नस दाबानं गेली होती. पट्टी काढल्यावर बानाबाई म्हणाली, "उजेड कळतोय. ती नाय आली, पर तुमी तर केलं की."

नीरजाला फोन करून सगळं सांगितलं. मार्चमध्ये माझ्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तेही. ती म्हणाली, "मंगळवारी ये. लवकर ये." एक शब्द लावून बोलली नाही. तिच्या त्या मोठेपणाचाही मला हेवा वाटला.

तेव्हापासून दर मंगळवारी मी पाचोडला जाते. नंबर आता तीन आठवड्यांवर आलाय. पहिल्याच दिवशी पुंजाराम नावाचे आजोबा माझ्या ऑपरेशनच्या टेबलावर उठून बसले होते. "मोठ्या बाईकडूनच करायचं," म्हणाले. नीरजा त्यांचा हात धरून शेजारी उभी राहिली, तेव्हा कुठं मला हात लावू दिला. ऑपरेशन उत्तम झालं. जाताना त्यांनी नमस्कार केला, तो तिला.

मला अजूनही ते बोचतं. परतीच्या एसटीत मी ऑपरेशनं मोजत बसते : आज तिची अकरा, माझी नऊ.