चिताऱ्याचा खेळ

मी एक जुनं, हाताने फिरवायचं सिनेमाचं यंत्र आहे. मित्रांनो, माझा शेवटचा साधा दिवस १९६१च्या उन्हाळ्यातला, जळगाव जामोदच्या बाजाराच्या आदला. माझे मालक शालिग्राम यांनी माझ्या दात्यांना तेल दिलं, भिंग धोतराच्या सोग्याने पुसलं आणि मुलीला म्हणाले, “माय, उद्याचं टरबूज मोठं आणजो. मागच्या बाजारी आवाज बारीक आला.”

मुलगी कौशल्या बुलढाण्याच्या शाळेत शिकवायची. सुट्टीला घरी आली होती.

टरबूज कशाला, ते सांगायला हवं. आमच्याकडे एकच मूकपट होता, एका चिताऱ्याचा. एका बाईचं चित्र काढता काढता तो तिच्यावर जीव टाकतो. ती मात्र दुसऱ्याला वरते. मग तो मत्सराने जळतो, तिचं चित्र फाडतो आणि शेवटी भर मांडवात तिच्या छातीत सुरा खुपसतो. पडद्याशेजारी उभे राहून मालकांचे जोडीदार उकंडराव ही गोष्ट सांगत. पडद्यावर सुरा घुसला की ते खरा सुरा टरबुजात घालत. खच्च! लाल पाणी पुढच्या रांगेवर उडे. शिट्ट्या आणि आरोळ्या थांबत नसत. तीस वर्षं लोक त्या एका आवाजासाठी येत.

आणि मालकांच्या हातासाठी. पेटत्या दिव्यासमोर सिनेमाची पट्टी थांबली तर ती क्षणात भडकते. त्यांच्या हातातला माझा दांडा फिरताना कधी अडला नव्हता.

मागच्या बाजारी कौशल्या बायकांत बसली होती. खच्च झालं तसा एक माणूस मागून वाकला आणि त्याने आपल्या बायकोची वेणी धरली.

“पाह्यलं ना? ध्यानात ठेवजो.”

शेजारच्या बायका हसल्या. कौशल्या हसली नाही.

म्हणून त्या साध्या दिवशी, मालक आंघोळीला गेल्यावर, कौशल्याने पट्टीचा डबा उघडला. सुरा छातीत घुसतो तेवढा तुकडा कात्रीने कापला आणि उरलेली टोकं घरच्या डिंकाने जोडली. डिंक दिव्याची आच सोसत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण माझ्या नशिबी आवाज कुठला!

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकीच्या गोदामाची दारं लावून खेळ सुरू झाला. चिताऱ्याने सुरा उचलला. उकंडरावांनी टरबूज फोडलं. पडद्यावर मात्र बाई हार घेऊन उभीच. आधी हशा पिकला.

“अबे, मेलीच नाही ते!”

“कापलं बे यायनं! मार तिले, मार!”

बाकं उलटली. एक दगड मालकांच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी हात फिरत होता. तेवढ्यात सुटलेला सांधा माझ्या दात्यांत अडकला. पट्टी थांबली आणि पेटली. चहूकडे कापसाचे पुंजके होते. लोक एकमेकांना तुडवत दाराकडे धावले. मालकांनी जळती पट्टी उघड्या हातांनी माझ्या पोटातून ओढली आणि स्वतःच्या अंगाखाली घेतली. ती कापसापर्यंत पोचली नाही. बाकी सगळे वाचले. मालक तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारले.

तेरवीला मी अंगणात काळंठिक्कर पडून होतो. पंगतीत कुणीतरी विचारलं, “उकंडराव, सांधा कच्चा काऊन राह्यला?”

“वय झालं होतं शालिग्रामचं,” उकंडराव म्हणाले. “दवाखान्यात मले म्हणे, माह्या हातानंच दगा देल्ला. हात कापे त्याचा.”

मित्रांनो, यंत्राला तेल द्यावं, धुळीपासून जपावं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. यंत्रावर जन्मभर राबलेल्या हाताला खोटा डाग लागू देऊ नका. माणूस गेल्यावर तो हात स्वतःसाठी बोलू शकत नाही.

कौशल्या वरण वाढत होती. तिने बादली खाली ठेवली.

“बाबाचा हात नाही कापला,” ती म्हणाली. “पट्टी मी कापली. सांधा माहा होता.”

पंगत थांबली.

“दवाखान्यात त्यायनं मले विचारलं होतं, माय, पट्टीले कोणी हात लावला का म्हणून.” तिने हातातला डाव बादलीत ठेवला. “मी ‘नाही’ म्हटलं.”